ली का-शिंगचा प्लॉट, भाऊंचं रॉकेल आणि आपला गल्ला



मागच्या रविवारी धुळ्याच्या बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत एक मुलगा माझ्याजवळ आला. वय पंचविशीच्या आत. मोबाइल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे, दीड वर्ष झालं, बरं चाललंय. त्याने मला मोबाइलवर एक रील दाखवली. हाँगकाँगचा ली का-शिंग. मागे उंच उंच बिल्डिंगा, जोरात म्युझिक, आणि खाली लिहिलेलं की हा माणूस निर्वासित म्हणून आला आणि जमिनी घेत घेत आशियातला सगळ्यात श्रीमंत झाला. मुलगा म्हणाला, "सर, मी पण ठरवलंय. दुकानातून तीन लाख काढतो आणि प्लॉटचा इसार देतो. दुकान तर चालूच राहील ना."

मी त्याला विचारलं, "दुकानात खेळतं भांडवल किती आहे?" तो म्हणाला, "साडेतीन-चार."

म्हणजे चारातले तीन तो काढणार होता. चहा तसाच राहिला. मी त्याला तिथे पाच मिनिटांत काय सांगायचं ते सांगितलं, पण मला माहीत आहे की त्याच्यासारखे अजून खूप जण आहेत. जळगावच्या बॅचमध्ये तर दर वेळी दोघं-तिघं निघतात. म्हणून या आठवड्यात व्हिडिओसोबत हे सविस्तर लिहितोय. व्हिडिओत आकडे नीट दाखवता येत नाहीत, इथे शांतपणे वाचता येतील.

आधी त्या ली का-शिंगचं बघू. रीलमध्ये जे सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि धंद्याच्या कामाचं अर्धं तेच गाळलेलं आहे.

हा माणूस 1928 चा. दक्षिण चीनमधलं चाओझोऊ हे त्याचं गाव. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा घरचे लोक 1940 मध्ये हाँगकाँगला पळून आले. वडील क्षयाने गेले, शाळा सुटली, आणि पोरगा लहान वयातच कामाला लागला. प्लास्टिकच्या वस्तूंच्या धंद्यात विक्रीचं काम करत तो शिकला. 1950 मध्ये साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे घालून त्याने प्लास्टिकचा कारखाना काढला. नंतर इटलीत प्लास्टिकची फुलं बनतात हे वाचून त्याने ती बनवायला घेतली आणि परदेशात विकली. आता बघा, पहिली बिल्डिंग त्याने बांधली 1958 मध्ये. तीसुद्धा कशासाठी? कारखान्याच्या जागेचं भाडं वाढतच जाणार हे त्याला दिसत होतं म्हणून. 1967 मध्ये हाँगकाँगमध्ये दंगली झाल्या, लोक मिळेल त्या भावाने जागा विकून निघून जायला लागले, तेव्हा त्याने जमिनी घेतल्या. तेव्हा त्याच्याकडे फुलांच्या निर्यातीचा पैसा होता. घ्यायची वेळ आली तेव्हा हातात रोख होती, ही खरी गोष्ट आहे. कारखान्याचा कच्चा माल विकून त्याने जमीन घेतलेली नाही.

म्हणजे कारखाना सुरू झाल्यापासून पहिल्या बिल्डिंगपर्यंत आठ वर्षं, आणि मोठ्या खरेदीपर्यंत सतरा. रील तीस सेकंदांची असते, त्यात ही सतरा वर्षं बसत नाहीत.

पण मला खरं बोलायचंय ते आपल्या माणसाबद्दल. हाँगकाँगला कशाला जायचं? जळगावातून शिरसोली रोडने निघा, जैन हिल्स लागतं. गांधीतीर्थ बघायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो, परत येतो. पण ज्या माणसाने ते उभं केलं त्याचा धंदा सुरुवातीला काय होता हे जळगावातल्या दहा पोरांना विचारा, सात जण म्हणतील ठिबक. चूक.

भवरलाल जैन, आपल्याकडे सगळे त्यांना मोठे भाऊ म्हणायचे, यांचा जन्म 12 डिसेंबर 1937 चा, वाकोदचा. जामनेर तालुक्यातलं, अजिंठ्याच्या रस्त्यावरचं गाव. घराणं मूळचं राजस्थानातलं. तिकडे पाणी नाही, पोट भरत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्वज निघाले आणि अजिंठ्याच्या डोंगराखाली येऊन राहिले. हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे बाहेरून आलेल्या माणसाला आपण पिढ्यान् पिढ्या "बाहेरचा" म्हणतो, आणि आपली पोरं सुरतला, पुण्याला गेली की तिकडचे लोक त्यांना तेच म्हणतात. गाव सोडून दुसरीकडे धंदा करणाऱ्याला नात्यागोत्याची उधारी नसते, मामाची ओळख नसते, म्हणून त्याला दिलेला शब्द पाळावाच लागतो. दुसरं काहीच त्याच्या हातात नसतं. मारवाडी दुकानदार, हाँगकाँगमधला चिनी, सुरतमधला आपला अहिराणी बोलणारा माणूस, तिघांचं गणित इथे सारखंच.

भाऊ शिकले मुंबईत, कॉमर्स आणि कायदा. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आली होती, ती घेतली नाही. आईचा सल्ला घेतला होता आणि आईने असं काही कर म्हणून सांगितलं की ज्याने माणसांसोबत गुराढोरांचं, पाखरांचंही भलं होईल, ही आठवण ते नेहमी सांगायचे. मग 1963 मध्ये धंदा सुरू केला. भांडवल 7000 रुपये, आणि ती तीन पिढ्यांची बचत होती. धंदा? रॉकेल विकण्याचा. गाडीवरून रॉकेल.

इथे आपल्याकडचे मोटिव्हेशनवाले लगेच उडी मारतात. सात हजारांपासून हजारो कोटी! टाळ्या! मला ही पद्धत अजिबात पटत नाही. सात हजार आणि हजारो कोटी यांच्या मध्ये काय झालं ते सांगा ना. शिकण्यासारखं सगळं तिथेच आहे.

मध्ये काय झालं तर पंधरा वर्षं एजन्सी. रॉकेलनंतर मोपेड, ट्रॅक्टर, बियाणं, खतं, औषधं, पीव्हीसी पाइप. म्हणजे दुसऱ्याने बनवलेला माल आणायचा आणि आपल्या भागातल्या शेतकऱ्याला विकायचा. तुम्ही-मी करतो तेच. फरक एवढाच की गिऱ्हाईक एकच ठेवलं. शेतकरी. रॉकेल घेणारा तोच, बियाणं घेणारा तोच, पाइप घेणारा तोच. पंधरा वर्षांत त्या एका गिऱ्हाइकाची अडचण, त्याच्याकडे पैसा कोणत्या महिन्यात येतो, तो कशावर विश्वास ठेवतो, सगळं माहीत झालं. माझ्या बॅचमध्ये एका वर्षात तीन धंदे बदललेले लोक येतात. प्रत्येक वेळी गिऱ्हाईक नवीन. मग ओळख कशी होणार?

1978 मध्ये त्यांनी मोठा डाव टाकला. केळी पावडरचा एक जुना, न चालणारा कारखाना 30 लाखांना घेतला. साठवलेला पैसा तेवढा नव्हता, कर्ज आणि ठेवी गोळा करून घेतला. आता तुम्ही म्हणाल, "सर, मग त्यांनी पण मालमत्ताच घेतली की!" हो, घेतली. पण कारखाना घेतला आणि त्यात लगेच काम सुरू केलं. केळीची पावडर परवडत नव्हती तर पपईच्या चिकापासून पपेन बनवायला घेतलं. पपेन म्हणजे औषधांत आणि खाण्याच्या पदार्थांत वापरतात तो घटक. ते शुद्ध करून परदेशात विकलं. घेतलेली मालमत्ता दुसऱ्या दिवसापासून माल काढायला लागली. प्लॉटवर पहिल्या वर्षी काय उगवतं? बाभळी.

त्यानंतर 1980 पासून पीव्हीसी पाइपचं उत्पादन. पाइपची एजन्सी आधीच होती, त्यामुळे कोणता पाइप कुठे फुटतो हे माहीत होतं. 1986 च्या शेवटी जैन इरिगेशन कंपनी झाली आणि मग ठिबक. नव्वदच्या दशकात टिश्यूकल्चरची केळी, ग्रँड नैन. रावेर, यावल, चोपडा भागातल्या कुठल्याही केळीवाल्याला विचारा, त्या रोपाने आणि ठिबकने त्याच्या शेतीत काय बदललं ते. 1997 मध्ये अमेरिकेच्या सिंचन संघटनेचा क्रॉफर्ड रीड पुरस्कार, 2008 मध्ये पद्मश्री. हे सगळं तुम्हाला गूगलवर मिळेल, त्यात वेळ घालवत नाही.

गूगलवर जे पटकन मिळत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. भाऊ एकदा चुकले होते. चांगलेच चुकले होते.

नव्वदच्या दशकात शेअर बाजार तेजीत होता, उदारीकरण आलं होतं, ज्याला त्याला वाटत होतं की आपण काहीही करू शकतो. कंपनी वित्त व्यवसायात गेली, कॉम्प्युटर सॉफ्टवेअरमध्ये गेली, ग्रॅनाइटमध्ये गेली. गिऱ्हाईक शेतकरी नाही, माल ओळखीचा नाही. पैसा बुडाला, कर्ज वाढलं, ठिबकचा चांगला धंदा त्या ओझ्याखाली आला. मग या माणसाने काय केलं तर वर्तमानपत्रातून भागधारकांची जाहीर माफी मागितली. आमचं चुकलं, आम्ही भलत्या धंद्यात गेलो, या अर्थाची. ते धंदे बंद केले किंवा विकले, 2002 च्या सुमारास एका अमेरिकन फंडाकडून भांडवल आणलं आणि परत पाणी, पाइप आणि शेती एवढ्यावरच आले.

मला सांगा, तुम्ही तुमच्या घाऊक व्यापाऱ्याला शेवटचं कधी फोन करून म्हणालात की भाऊ, माझं चुकलं, पैसे दुसरीकडे अडकवले, मला दोन महिने द्या? नाही म्हणत. आपण फोनच उचलत नाही. मी पण उचलला नव्हता.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय त्या धुळ्याच्या पोराला उपदेश करायचा मला हक्क नाही.

माझं जळगावात पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. खोकी, टेप, डिस्पोजेबल, कॅरीबॅग. 2018 च्या जानेवारीत मी शहराबाहेर एक प्लॉट घेतला, 9 लाखांना. दुकानातून 5 लाख काढले आणि 4 लाख बायकोच्या सोन्यावर कर्ज काढलं. बीबीए केलेला माणूस मी, खेळतं भांडवल म्हणजे काय हे परीक्षेत लिहून पास झालेला. पण माझ्या तीन मित्रांनी प्लॉट घेतले होते आणि दर लग्नात तोच विषय निघायचा. "तुझा कुठे आहे?" माझा कुठेच नव्हता. खरं कारण एवढंच.

23 मार्च 2018 ला राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत, 23 जूनपासून कारवाई. माझ्या गोदामात अडीच लाखांच्या आसपास कॅरीबॅग आणि थर्माकोलच्या पत्रावळी. जो माल मी सहा वर्षं विकला तो तीन महिन्यांत भंगार. बरं, ज्यांच्याकडे रोख होती त्यांनी काय केलं? त्यांनी एप्रिलमध्येच कागदी पिशव्या, कापडी पिशव्या, बगॅसच्या प्लेटा भरल्या. जूनमध्ये अख्खा बाजार त्यांच्या दारात. मिठाईवाले, मेडिकलवाले, कापडवाले, सगळे. माझी गिऱ्हाइकं माझ्यासमोरून दुसऱ्या दुकानात गेली आणि मी गल्ल्यावर बसून बघत होतो. माझे पाच लाख बाभळीत उभे होते.

मग प्लॉट विकायला काढला. तर कळलं, लेआउटची अंतिम मंजुरी बाकी आहे. घेताना विकणारा म्हणाला होता, होऊन जाईल, आणि मी पण मान हलवली होती. बँक त्यावर कर्ज देईना, गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं. तिकडे ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून मी माल घ्यायचो त्याचे पैसे तीस दिवसांत द्यायचे असायचे, ते पंच्याहत्तर दिवसांवर गेले. दिवाळीच्या तोंडावर त्याने माल थांबवला. त्याचं काही चुकलं नाही. आणि माझ्याकडे पाच वर्षं काम करणारा मुलगा होता, दुकान माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत. दोन पगार उशिरा झाले, तिसऱ्या महिन्यात तो गेला. जाताना काही बोलला नाही. आजही रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, आणि मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

2021 मध्ये प्लॉट साडेनऊ लाखांना गेला. आता हिशोब करा, वही घ्या. भावात फायदा 50 हजार. सोन्याच्या कर्जाचं व्याज साधारण बारा टक्क्यांनी वर्षाला 48 हजार, तीन वर्षांचे 1 लाख 44 हजार. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च वेगळा, तो धरतच नाही. आता ते पाच लाख दुकानात असते तर? माझा माल साधारण पंचेचाळीस दिवसांत फिरतो, म्हणजे वर्षात आठ वेळा. पाच आठे चाळीस लाखांची विक्री. सगळा खर्च जाऊन सहा टक्के उरतात धरा, 2 लाख 40 हजार वर्षाला. लॉकडाऊनचं वर्ष निम्मं धरलं तरी तीन वर्षांचे 6 लाख. एका बाजूला सहा लाख येणार होते, दुसऱ्या बाजूला जवळपास एक लाख घरातून गेले. यात गेलेली दिवाळी नाही, गेलेला मुलगा नाही.

मी प्लॉटच्या विरोधात आहे असं समजू नका. माझं म्हणणं इतकंच आहे की दुकानात फिरणारा पैसा प्लॉटला लावायचा नाही. दुकानातून नफा काढून, तो वर्षभर वेगळ्या खात्यात ठेवून, त्यातून घेतला तर घ्या. आणि विकणारा "होऊन जाईल" म्हणाला की उठा. कागद वकिलाला दाखवा, दोन-चार हजार जातील. मी ते वाचवले होते.

उधारीबद्दल पण बोलायला हवं, कारण भाऊंच्या कंपनीचीच गोष्ट तिथे पुढे जाते. भाऊ 25 फेब्रुवारी 2016 ला गेले. त्यानंतर कंपनी मोठ्या अडचणीत आली. 2019 मध्ये कर्जाचे हप्ते थकले, 2022 मध्ये बँकांसोबत कर्जाची फेररचना झाली, आणि 2023 मध्ये परदेशातला सिंचनाचा व्यवसाय रिवुलिस या कंपनीत विलीन करून कर्ज कमी केलं. बरेच ट्रेनर हा भाग सांगत नाहीत, कारण मग हिरोची गोष्ट बिघडते. मला वाटतं हा भाग सांगितलाच पाहिजे, आणि कोणाला नावं न ठेवता सांगितला पाहिजे.

ठिबकचा धंदा कसा चालतो बघा. शेतकरी संच घेतो, सरकार अनुदान देतं, आणि ते अनुदान येईपर्यंत पैसा कोणाचा तरी अडकून राहतो. सरकारी प्रकल्पांची बिलंही तशीच. माल गेला, शेतात बसला, पाणी सुरू झालं, पैसा मात्र फाइलमध्ये. त्या फाइलीच्या काळात कर्जाचं व्याज चालूच. कंपनीला हे कळत नव्हतं असं नाही, भाऊंच्या हयातीतच अनुदानावरचं अवलंबन कमी करायचे प्रयत्न झाले, शेतकऱ्याला कर्ज देणारी वेगळी वित्त कंपनीही काढली. तरी येणं आणि देणं यांच्यातल्या अंतराने एवढ्या मोठ्या कंपनीला हलवलं. विक्री नव्हती म्हणून नाही. विक्री भरपूर होती.

माझ्या बॅचला एक आजोबा येतात, शिंदखेड्याकडचे, नातवाच्या दुकानासाठी शिकायला. ते अहिराणीत म्हणाले होते, "पैसा शे, पन गल्लामा नही शे." तुमच्या उधारीच्या वहीत किती आहे ते आज मोजा. माझ्या ओळखीतल्या एका हार्डवेअरवाल्याचे साडेचार लाख वहीत होते आणि तो बँकेत दोन लाखांचं कर्ज मागायला गेला होता!

आता दानधर्माचं, कारण त्या रीलच्या शेवटी तेही होतं. ली का-शिंगने 1980 मध्ये आपलं फाउंडेशन काढलं आणि 1981 मध्ये आपल्या मूळ भागात शान्तोऊ विद्यापीठ उभं राहिलं ते त्याच्या पैशातून. फाउंडेशनला तो आपला तिसरा मुलगा म्हणतो, त्याला दोन मुलगे आहेत म्हणून. त्याच्याही आधी तान का-की नावाचा माणूस होऊन गेला. 1874 चा, फुजियान प्रांतातला, पोरसवदा वयात सिंगापूरला आला, अननस आणि रबराच्या धंद्यात मोठा झाला. 1921 मध्ये त्याने आपल्या मुलखात शियामेन विद्यापीठ काढलं. पुढे जागतिक मंदीत त्याची कंपनी बसली, 1934 मध्ये गुंडाळावी लागली, तरी तो विद्यापीठाला पैसे देतच राहिला आणि 1937 मध्ये ते सरकारच्या हवाली केलं. लोक त्याला थोर मानतात आणि तो थोर होताच. पण ट्रेनर म्हणून मला यात एक अडचण दिसते. कंपनी बसली तेव्हा तिथल्या कामगारांचं काय झालं असेल? शाळा चालू राहिली याचा आनंद, पण धंदा टिकला असता तर दोन्ही चाललं असतं. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. माझ्या वडिलांनाही पटत नाही, ते म्हणतात तू हिशोबापलीकडे बघतच नाहीस.

त्या दोघांनी जे गाव सोडलं तिथे पैसा पाठवला. भाऊंनी उलटं केलं. घराणं जिथे आलं तिथेच दिलं. 2007 मध्ये अनुभूती निवासी शाळा, मग शहरातल्या गरीब घरच्या मुलांसाठी वेगळी अनुभूती शाळा. 25 मार्च 2012 ला गांधीतीर्थ, उद्घाटन तेव्हाच्या राष्ट्रपती आणि आपल्या जळगावच्याच प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. पत्नी कांताबाईंच्या नावाने गिरणेवर कांताई बंधारा आणि डोळ्यांसाठी कांताई नेत्रालय. साहित्याचे पुरस्कार बहिणाबाईंच्या आणि बालकवींच्या नावाने. खानदेशात ही रीत नवी नाही. अमळनेरला प्रताप शेठांनी गिरणी चालवली आणि 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजी तिथे शिकायला आले आणि पुढे तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. गिरणीवाल्याने तत्त्वज्ञानाची संस्था काढावी, हे आज कोणाला सुचेल का? आज आपल्याला चौकातलं फ्लेक्स सुचतं.

काही लोक म्हणतात, ही सगळी नाव मोठं करायची कामं. असतील ना. गांधीतीर्थ बघून गेलेला पाहुणा कंपनीचं नाव पण घेऊन जातो, यात लपवायचं काय? बंधाऱ्यात पाणी अडतं आणि शाळेत पोरं शिकतात, माझ्या दृष्टीने तेवढं पुरे. मला राग येतो तो आपल्यासारख्या छोट्या दुकानदारांचा. गणपतीत, नवरात्रात पंधरा-वीस हजार वर्गणी देऊन कमानीवर नाव लावतो आणि त्याच महिन्यात पोराचा पगार दहा दिवस उशिरा करतो. मी 2018 मध्ये हेच केलं. कमानीवर माझं नाव होतं, फोटो अजून फेसबुकवर आहे. त्याच पंधरवड्यात तो मुलगा सोडून गेला.

तेव्हापासून मी दुकानात एक केलंय. महिन्याच्या एक तारखेला सकाळी, दुकान उघडून दिवा लावायच्या आधी, दोन्ही मुलांचे पगार त्यांच्या खात्यात टाकतो. घाऊक व्यापाऱ्यांचे चेक पंचवीस तारखेला. त्यानंतर उरलेल्यातून एक छोटी रक्कम वेगळ्या डब्यात, त्यातून माझ्या वस्तीतल्या दोन मुलींची आयटीआयची फी जाते. रक्कम सांगत नाही, सांगण्याएवढी मोठी नाही. ज्या महिन्यात पहिल्या दोन गोष्टी होत नाहीत त्या महिन्यात डब्यात काही पडत नाही, आणि ते मी मुलींच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवलंय. लॉकडाऊननंतर असं तीन वेळा झालं. ते लोक काही म्हणाले नाहीत, पुढच्या महिन्यात घेऊन गेले.

त्या धुळ्याच्या मुलाने काल फोन केला. इसार दिला नाही म्हणाला, पण घरचे नाराज आहेत, काका म्हणतात ट्रेनरचं ऐकून हातातली संधी घालवली. भाव वाढले तर मला शिव्या बसणार, हे मी धरून चाललोय. मी त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी उधारीची वही आणि सहा महिन्यांची खरेदीची बिलं घेऊन ये, काकांनाही घेऊन ये. तुम्ही पण धुळ्यात असाल तर या, सकाळी साडेदहाला, वही घेऊनच.